मुदतीबाहेरचं इंजिन

विमानाच्या इंजिनाबरोबर एक जाडजूड पुस्तक येतं. त्यात लिहिलेलं असतं, की दोन हजार तास उडून झाले की हे इंजिन पूर्ण सुटं करावं, झिजलेलं बदलावं आणि पुन्हा जोडावं. वैद्यबुवांना हे पुस्तक पाठ होतं, आणि त्यातलं नेमकं हेच पान त्यांना कधी पटलं नव्हतं.

वैद्यबुवा हे काही त्यांचं नाव नव्हे, पण विमानतळावर कुणी खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी मानसुद्धा वर केली नसती. ते विमानांचे मेकॅनिक. मालकाची दोन लहान विमानं होती, एकेका इंजिनाची. समोरच्या बेटांवर टपाल, औषधं आणि घाईतली माणसं पोचवणं एवढंच त्यांचं काम. त्यातल्या थोरल्या विमानाचं इंजिन दोन हजार नऊशे तासांवर गेलं होतं. सगळे त्याला आजोबा म्हणत, आणि या आजोबांना आजवर साधी शिंकही आली नव्हती.

यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. पुस्तकातला आकडा ही शिफारस होती, हुकूम नव्हता. तपासणी चोख असेल आणि मेकॅनिक स्वतःच्या सहीवर हमी देत असेल, तर मुदत उलटल्यावरही इंजिन चालवायला परवानगी होती. आणि तपासणी करावी तर वैद्यबुवांनी. दर पन्नास तासांनी ते तेलाचा फिल्टर काढत, त्याचा डबा कापत, आतला घड्यांचा कागद उलगडून पांढऱ्या थाळीत धूत आणि भिंग लावून बसत. लोखंडाचा कण चुंबकाला चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमचा नुसता चमकतो, आणि कोणता कण कुठून झिजून आला हे ते बघताक्षणी सांगत. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती टिकते ते मोजायचं, बारीक कॅमेरा आत सोडून झडपांची तोंडं बघायची, चमचाभर तेल बाटलीत घालून प्रयोगशाळेत धाडायचं. एवढं सगळं स्वच्छ निघालं की सही.

"तारीख उलटली म्हणून नासायला ते काय दूध आहे?" असं ते विचारत, आणि समोरच्याने मान डोलावली तरी थांबत नसत. उघडलेलं इंजिन हेच खरं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं. न उघडलेल्या इंजिनात चूक असती तर ती केव्हाच बाहेर आली असती. माणसाने हात घातला की शेकडो नट सुटतात, शेकडो नट पुन्हा बसतात, आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी चूक व्हायला जागा तयार होते. म्हणून धडधाकट इंजिनाला हात लावायचा नाही. हे त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की ते हँगरमध्ये तोंड उघडायच्या आतच लोक आपापल्या कामाला पळत.

अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. मग थोरल्या विमानाचे कॅप्टन निवृत्त झाले, आणि मालकाने त्यांच्या जागी ठकीला घेतलं.

ठकी म्हणजे वैद्यबुवांची एकुलती एक लेक. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोल तोंडाची, गप्प बसलेली असायची म्हणून हे नाव पडलं. पुढे ती गप्प बसेनाशी झाली, नाव मात्र चिकटून राहिलं. परगावी राहून ती विमान चालवायला शिकली, चार वर्षं दुसऱ्यांची विमानं इकडून तिकडे नेली, आणि आता घरी राहून रोज बेटांवर जायचं म्हणून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. वैद्यबुवांनाही अभिमान वाटला. तो अभिमान त्यांनी दोन दिवस मिरवला असेल नसेल, तोच घरात विषय निघाला.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिच्या लेखी दोन हजार म्हणजे दोन हजार. पुस्तक छापणारे काही खुळे नव्हेत, आणि हे एकटेच शहाणे असं समजायचं कारण नाही, हे ती पूर्वीही अधूनमधून म्हणायची. पण तेव्हा त्यात चेष्टा असायची. या वेळी नव्हती. तिने वह्या तपासता तपासता लाल पेन खाली ठेवलं.

"परक्याचा मुलगा उडवत होता तोवर तुमचं सगळं ऐकून घेतलं मी," ती म्हणाली. "आता त्यात ती बसणार आहे. ते इंजिन उघडा."

वैद्यबुवांनी तिला फिल्टर, कण, कॅमेरा सगळं पुन्हा समजावलं. तिने ते शांतपणे ऐकलं आणि मग एवढंच विचारलं, की हे शंभर टक्के का. आता प्रामाणिक मेकॅनिक शंभर टक्के कशालाच म्हणत नाही. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. आजोबांचा आवाज ते डोळे मिटून ओळखत, पण ठकी पहिल्यांदा उडाली तेव्हा त्यांना त्या आवाजात काहीतरी खरखर ऐकू आली. विमान परत आल्यावर त्यांनी सगळं तपासलं, तर काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खरखर. पन्नास तासांनी कापायचा फिल्टर ते दहा तासांनी कापू लागले. एकदा थाळीत काळा ठिपका दिसला. बोटाने चिरडला तर तो काजळीचा निघाला. ज्या कानांनी अकरा वर्षं दगा दिला नव्हता ते आता रोज काहीतरी नवीन सांगत होते, आणि हे कान नव्हेत, ही भीती आहे, हे कळत असूनही वैद्यबुवांना स्वस्थ बसवेना. जीव सारखा टांगणीला. ती उतरली की जिवात जीव यायचा, आणि दुसऱ्या सकाळी ती निघाली की पुन्हा तेच.

ठकीने हे पाहिलं आणि खूप हसली. ती म्हणाली, "बाबा, धडधाकट इंजिनाला हात लावायचा नाही हे मला बाराखडीच्या आधी शिकवलंस तू."

"शिकवलं," वैद्यबुवा म्हणाले. "तेव्हा आत तू नव्हतीस."

मग ती हसली नाही. तुला बरं वाटत असेल तर उघड, पण मला आजोबांची भीती वाटत नाही, असं म्हणून तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मालकाकडे ते स्वतः गेले. मालक भला माणूस होता, पण चेष्टेची संधी सोडणाऱ्यातला नव्हता. त्याने आधी खिडकीतून बाहेर बघितलं, सूर्य बरोबर दिशेला आहे ना म्हणून. अकरा वर्षं याच खुर्चीसमोर उभं राहून हे इंजिन उघडू नका म्हणणारा माणूस आज उघडा म्हणतोय, तेव्हा काही सापडलं का, असं त्याने विचारलं. वैद्यबुवा म्हणाले, सापडलं काही नाही. मालकाने त्यांच्याकडे नीट बघितलं, मग कॅलेंडरकडे बघितलं आणि चार आठवडे दिले.

आजोबा विमानातून उतरले आणि लोखंडी स्टँडवर बसले. वैद्यबुवांनी मदतीला कुणालाही घेतलं नाही. एकेक सिलिंडर काढला, पिस्टन काढले, मधला दांडा काढून मेजावर आडवा ठेवला आणि सगळं मोजलं. सगळं मापात होतं. झडपा स्वच्छ, दांडा आरशासारखा, झीज पाहिजे तेवढीच. हे इंजिन आणखी हजार तास सहज चाललं असतं. त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही; पण मेजाशी उभं राहून ते तुकडे बघताना त्यांना लाज वाटली. एखाद्या निरोगी माणसाचं पोट फाडून बघावं आणि आत काहीच निघू नये, तसं झालं होतं. त्यांनी मनातल्या मनात आजोबांची माफी मागितली. मग बदलायचं ते बदललं आणि जोडायला घेतलं.

जोडताना त्यांनी जिवाचं रान केलं. आतला प्रत्येक नट तीनदा तपासला. आतला एक बोल्ट घट्ट झाला की नाही या शंकेने अर्धं इंजिन पुन्हा उघडलं. चुकीला जागाच ठेवायची नाही, या एकाच गोष्टीने त्यांचं डोकं भरलं होतं, आणि ते सगळं लक्ष आत होतं.

सिलिंडर अजून बसवायचे होते, आणि त्याआधी बाहेरून उरला होता फक्त रंग. सिलिंडरांना गंज चढू नये म्हणून राखाडी रंग देतात. पण सिलिंडरच्या पायाशी जिथे नट बसतात, ती जागा कोरी ठेवावी लागते. तिथे रंगाचा पापुद्रा राहिला तर नट धातूवर बसत नाही, रंगावर बसतो. घट्ट करताना काही कळत नाही, जोर मोजणारा पाना बरोबर आकडा दाखवतो. पुढे इंजिन तापून रंग चेपला, झिजला, की नट न फिरताच ढिला पडतो. हे वैद्यबुवा रंग देणाऱ्या प्रत्येकाला कान पकडून सांगत आले होते. आपल्या हाताने रंग देतानाही त्यांनी एकूणएक जागेवर गोल चिकटपट्टी लावली, रंग दिला, वाळल्यावर पट्ट्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात तिसरा सिलिंडर डागाळलेला दिसला. रंग कुठे जाड, कुठे पातळ. एरवी त्यांनी ढुंकून पाहिलं नसतं. सिलिंडर काही कुणाला दाखवायचा नसतो. पण दुपारी ठकी बघायला येणार होती. लेकीचं इंजिन आहे, ते नव्यासारखं दिसावं, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी फवाऱ्याची बाटली घेतली, नटांच्या जागेवर डाव्या हाताने पुठ्ठ्याचा तुकडा धरला आणि उजव्याने हलकासा हात मारला. पट्ट्या पुन्हा लावायला वीस मिनिटं गेली असती. पुठ्ठा धरलाय की, असं त्यांना वाटलं.

दुपारी ठकी आली. आजोबा लग्नाला निघाल्यासारखे दिसतात, असं ती म्हणाली. तिच्या हातात कागद देऊन वैद्यबुवा सिलिंडर बसवत, त्यांचा एकेक नट आवळत गेले, पाना खट् वाजला की ती खूण करायची. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन जागा त्यांना किंचित धुरकट वाटल्या. त्यांनी त्या अंगठ्याने पुसल्या आणि पुढे गेले.

पुढचे काही आठवडे घरात सुखाचे गेले. बायको वह्या तपासताना गुणगुणू लागली. वैद्यबुवांच्या कानातली खरखर गेली. दहा तासांनी त्यांनी फिल्टर कापला, पंचवीस तासांनी पुन्हा कापला. आत एक कण नाही. नट पुन्हा एकदा आवळून बघावेत असं पंचविसाव्या तासाला त्यांच्या मनात आलं होतं. पण पान्यानेच दिलेला आकडा होता तो, आणि धडधाकट इंजिनाला हात लावायचा नाही.

चौतिसाव्या तासाला, सकाळी, विमानात फक्त टपालाच्या थैल्या होत्या. ठकीने निघताना हात केला. वैद्यबुवा हँगरच्या दारात उभे राहून ऐकत होते. विमान धावपट्टीच्या टोकावरून वर चढलं, आणि आवाजात एक ठोका पडला. मग दुसरा. मग सगळा आवाजच फुटला. हँगरमधल्या रेडिओवर ठकीचं बोलणं आलं, अगदी रोजच्या आवाजात: सिलिंडर गेलाय बहुतेक, परत वळते. ती वळलीही. पण उंची फार थोडी होती आणि खाली किनाऱ्याचे खडक होते. वैद्यबुवा धावले. धावपट्टी संपेपर्यंत धावले, आणि तिथून त्यांना लोकांनी पुढे जाऊ दिलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणसं आली, बसली, गेली. दुसऱ्या विमानाचा पायलट, पोस्टातल्या बाईंचा मुलगा, रोज संध्याकाळी यायचा आणि पायरीवर बसून जायचा. बायको रडली नाही. ती शाळेत गेली नाही, वह्यांना हात लावला नाही, ताटावर बसायची आणि दोन घास इकडेतिकडे करून उठायची. नवऱ्याला ती एका शब्दाने बोलली नाही. अंगावरचे कपडे तिला सैल होऊ लागले.

सहा आठवड्यांनी चौकशी कचेरीतून बोलावणं आलं. अधिकारी एक बाई होत्या, वैद्यबुवांच्याच वयाच्या, आणि त्यांची नखं सांगत होती की त्याही कधीकाळी मेकॅनिक होत्या. मेजावर पांढऱ्या कापडावर तिसरा सिलिंडर ठेवला होता, तुटलेले बोल्ट होते आणि नट ओळीने मांडले होते. बाईंनी दिवा जवळ ओढला. दोन नटांच्या तळाशी राखाडी रंगाचं कडं होतं, नखाने खरवडलं तर निघेल इतकं पातळ.

"रंग कुणी दिला?"

"मी."

"जागा झाकल्या नव्हत्या?"

"पहिल्या हाताला झाकल्या होत्या."

बाईंनी ते लिहून घेतलं. उघडण्याआधी इंजिनात काही दोष दिसला होता का, असं त्यांनी विचारलं. वैद्यबुवा नाही म्हणाले. उघडल्यावर काही सापडलं का? नाही. तेलाचे अकरा वर्षांचे अहवाल त्यांनी वाचले होते, इतकं चांगलं राखलेलं इंजिन आपण पाहिलं नाही असं त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना विचारावंच लागलं.

"मग उघडलंत का?"

"लेक उडवणार होती," वैद्यबुवा म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. वैद्यबुवांनी आपलं लायसन खिशातून काढून मेजावर ठेवलं. अहवाल छापून यायला वर्ष लागेल, असं ते निघाले तेव्हा बाई सांगत होत्या, पण ते त्यांना अर्धवटच ऐकू आलं.

बस सोडून ते चालत घरी गेले. वाटेत त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्यांनी तिला मारलं होतं. म्हाताऱ्या इंजिनाने नाही, नशिबाने नाही. त्यांच्या डाव्या हातातल्या पुठ्ठ्याने. हे सांगून टाकायचं आणि बायको जे म्हणेल ते ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कितीही वाईट बोलली तरी ते हवंच होतं त्यांना. पण दार उघडून ती समोर आली, आणि तिचा उतरलेला चेहरा बघताना त्यांना पुढचं दिसलं. ही गणिताची बाई. रंग उघडल्यामुळे लागला, आणि उघडा कोण म्हणालं होतं? हे उत्तर काढायला तिला दुसरी ओळ लिहावी लागणार नव्हती. मग ती ते उत्तर घेऊन उरलेला जन्म काढणार.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

वैद्यबुवांनी चपला काढल्या. "इंजिन म्हातारं झालं होतं," ते म्हणाले. "आतून थकलं होतं. मी उघडलं, पण फार उशीर केला. तू म्हणत होतीस तेच खरं."

जन्मभर ज्याच्याशी भांडले ते वाक्य त्यांनी असं एका दमात म्हणून टाकलं.

बायकोचा बांध फुटला. सहा आठवड्यांचं रडं एकदम बाहेर आलं. तिने त्यांच्या छातीवर मुठी मारल्या. अकरा वर्षं नाकाने कांदे सोललेत, पुस्तक धाब्यावर बसवलंत, माझ्या पोरीचा जीव घेतलात, असं सगळं ती बोलली. वैद्यबुवा भिंतीला टेकून उभे होते. ती बोलत होती त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं, आणि ते ऐकायला मिळालं याचंच त्यांना बरं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने ती थांबली. आत जाऊन तोंड धुऊन आली आणि तिने दोघांची पानं घेतली. जेवू लागली. खाली मान घालून, भराभर, भूक लागलेल्या माणसासारखी. वैद्यबुवा तिच्या हाताकडे बघत राहिले.

"दुसरं विमान आहे ना मालकांचं," ती मध्येच म्हणाली. "त्याचं किती झालंय?"

"दोन हजार चारशे."

"म्हणजे मुदत उलटून चारशे. मी उद्या जाते मालकांकडे. पोस्टातल्या बाईंनाही सांगते. तिचा मुलगा त्याच्यात बसायच्या आत ते उघडून घ्या म्हणावं. तुम्ही नाही, दुसरा कुणीतरी उघडेल." तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी वर्गातला ठामपणा आला होता. "निदान तिचं पोर तरी वाचू दे."

वैद्यबुवांच्या हातातला घास हातातच राहिला. त्या इंजिनाचा फिल्टर त्यांनीच कापला होता. आत एक कण नव्हता.

"त्या इंजिनाला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"असंच म्हणायचात तुम्ही. आजोबांबद्दलसुद्धा."

यावर एक उत्तर होतं. एकच होतं, आणि ते त्यांच्या जिभेवर येऊन बसलं होतं. बायकोने ताट त्यांच्यापुढे सरकवलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिने मागून घेतलं होतं.

"भाजी वाढा जराशी," ती म्हणाली.

त्यांनी वाढली.